तीन मोजेपर्यंत

९ जानेवारी

मामा,

आधी बस. चष्मा लाव. मागच्या पत्रात तू दोन ओळी खरडल्यास, त्याचा सूड म्हणून मी आज लांबलचक लिहिणार आहे. फोनवर तू "हं", "बरं", "ठेवतो" एवढंच बोलतोस, तेव्हा पत्राला पर्याय नाही.

पत्ता बदललाय, पाकिटाच्या मागे आहे. होड्या रंगवायचं काम सुटलं. म्हणजे मीच सोडलं. म्हणजे खरं सांगायचं तर, मुकादम "उद्यापासून येऊ नकोस" म्हणायच्या अर्धा तास आधी मी सोडलं. रंगाचा डबा उपडा झाला होता. कुणाच्या पायाने, हे आता महत्त्वाचं नाही. सध्या मी औषधांच्या गोदामात आहे. पांढरी गाडी, मागे गार डबे, आणि ते दवाखान्यांना पोचवायचे. गाडी मीच चालवते. तू डोळे मिटू नकोस, बरी चालवते.

काय सांगत होते? हां, वास. परवा गोदामाच्या मागच्या गल्लीत एक जुना सुतार खुर्चीचा पाय जोडत होता आणि त्याच्याकडे खरा सरस होता. आपल्यासारखा, दाणेदार, भिजत घालून गरम पाण्यात पातळ केलेला. ओल्या कुत्र्यासारखा वास, वर थोडा गोडसर. मी डबे तसेच टाकून तिथे उभी राहिले. आपलं पुस्तकबांधणीचं सगळं दुकान डोळ्यांपुढे आलं. खिडकीखालचं तुझं टेबल, शिवायच्या घडीव पानांच्या फर्म्यांची चळत, मेणाने घासलेला दोरा, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवरचं ते भांड्यात भांडं. बाहेरच्यात पाणी, आतल्यात सरस. तू म्हणायचास, पाण्यात बोट बुडव. तीन मोजेपर्यंत बोट राहिलं की सरस तयार. एकलाच काढावं लागलं तर जास्त तापलाय, आणि पाच मोजता आले तर अजून गार आहे. मी नेहमी एकलाच काढायची आणि तू हसायचास. तुझं बोट आपलं आरामात आत. मला वाटायचं, तुला बोटं नाहीतच, लाकडाची बसवलीत.

सुताराला विचारलं, तुम्ही कसं ओळखता? तो म्हणाला, "अंदाजाने." मला फार मोठेपणा वाटला. आमच्याकडे पद्धत होती.

स्वेटर पाठवतेय. आणि मामा, निदान एक पान लिही. मी सातवीत शाळेला कंटाळले तेव्हा तूच म्हणालास, शाळा राहू दे, पण पत्र लिहिता आलं पाहिजे. मी लिहितेय. तुझं काय?

भिंगरी


२४ जानेवारी

भिंगरी,

पत्र पोचलं. मी ठीक. काम ठीक. स्वेटर मिळाला, बटणं नाहीत ते बरं केलंस. जेवत जा.

मामा


५ फेब्रुवारी

मामा,

पंधरा शब्द. मायना आणि सही सोडून. मी मोजले.

आणि अक्षरं इतकी दाबून काढलीस की कागदाच्या मागून बोटाला लागतात. डोळे मिटून वाचता येईल. एवढा राग? तुझं अक्षर कसं होतं मला माहीत आहे. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवणाऱ्या माणसाचं अक्षर. हे कुणीतरी दात-ओठ खात लिहिलेलं आहे.

मग बोलूनच टाकू. तू अजून त्या नकाशांच्या पुस्तकावरून रागावला आहेस.

मला सगळं आठवतं. वाचनालयाचं पुस्तक, पाटासारखं मोठं, जुनी शिवण उसवून तू नव्याने शिवलेलं. सहा आठवड्यांचं काम. फक्त कड कापायची राहिली होती. तू मशीनवर माप लावलंस, मला म्हणालास, "ओढ दांडा." मी ओढला. पातं खाली आलं, एकच आवाज, आणि समुद्रकिनाऱ्याची आख्खी पट्टी खाली कचऱ्यात. शंभर-सव्वाशे नकाशांची कड, गावांच्या नावांचे शेंडे, एका बेटाचा अर्धा भाग. तू बघत उभा राहिलास. मग म्हणालास, "दांडा ओढायच्या आधी माप बघायला नको?" बस. शिव्या दिल्या असत्यास तर मी राहिले असते. आठ दिवसांनी मी निघाले आणि दोन वर्षं झाली, निघालेलीच आहे.

त्यातला एक कपटा माझ्याकडे आहे. बेटाचा. पाकिटात ठेवलाय. कधी कुणी विचारलं, तुझं गाव कुठलं, तर मी तो दाखवते आणि म्हणते, याच्या अर्ध्या भागात. लोक हसतात.

चुकलं, मामा. आता राग सोड.

इकडची गंमत. काल आमच्या गोदामाच्या बाईंनी एक आख्खं खोकं फेकून दिलं. बाई औषधशास्त्र शिकलेल्या, चष्मा नेहमी केसांत, आणि तोच चष्मा सगळीकडे शोधत फिरतात. झालं असं की गाडी उन्हात उभी होती आणि मी एका माणसाचं पाळलेलं खारीचं पिल्लू बघायला गेले. पाच मिनिटं. बरं, पाऊण तास. परत आले तर डब्यातली तापमान दाखवणारी पट्टी लाल. मी म्हटलं, बाई, औषध तर तसंच दिसतंय, पाण्यासारखं स्वच्छ. त्या म्हणाल्या, "उकडलेलं अंडंही बाहेरून तसंच दिसतं." आणि दिलं फेकून. माझी नोकरी राहिली, कारण बाईंना खारीचं पिल्लू बघायचं होतं.

तर. राग सोड आणि लिही.

भिंगरी


२ मार्च

भिंगरी बाळा,

हे अक्षर तुझ्या मामाचं नाही, माझं आहे, खालच्या शिवणकामवाल्या काकूचं. तो समोर बसून सांगतोय आणि मी लिहितेय. म्हणजे तो जे सांगतोय ते थोडं आणि जे लपवतोय ते जास्त.

तो म्हणतो, लिही, "सर्व ठीक." हे लिहिलं. आता खरं लिहिते.

त्याला सुजेचा संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे, दुसरा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अंगातला पहारेकरीच बिथरलाय आणि घरच्या माणसांना चोर समजून बडवतोय. सांध्यांचं अस्तर सुजतं. सकाळी दोन-दोन तास मुठी मिटत नाहीत. दीड वर्ष झालं त्याला कळून, त्याआधी किती महिने अंगावर काढलं ते तोच जाणे. "हे लिहू नको" म्हणतोय. लिहिलं. बटणं मी लावून देत होते, बाळा. म्हणून तुझा स्वेटर आवडला. फोन उचलताना मनगट दुखतं म्हणून तो वाजू देतो. रागावलेला नाहीये. पेन निसटतं म्हणून मुठीत आवळून लिहितो, म्हणून अक्षर कागदातून आरपार जातं.

"इतकं कशाला सांगायचं पोरीला?"

"तिने विचारलंय."

"तिने राग विचारलाय, रोग नाही."

बघ, बोलायला कसा शिलगतो.

औषधं चालू आहेत. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या आहेत, दर रविवारी. रोज घेतल्या तर अंगावर बेतेल असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलंय, म्हणून डबी माझ्याकडे असते. रक्त तपासतात. मधे थोडे दिवस स्टिरॉइड दिलं तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होता आणि तोंड भोपळ्यासारखं झालं होतं. मग ते कमी केलं. नोव्हेंबरपासून नवं इंजेक्शन आहे, दर पंधरा दिवसांनी. त्याआधी छातीचा फोटो काढला, क्षयाची तपासणी केली, कारण या औषधाने पहारेकरी जरा झोपतो आणि मग खरा चोर आला तर पंचाईत. जाड पेनासारखं असतं, मांडीला लावून दाबायचं. माणसं यावर धावायला लागतात म्हणे. याला काही फरक नाही. तसूभर नाही.

तो म्हणतो, लिही, "मी अगदी सांगितल्याप्रमाणे घेतो." खरं आहे. आजही दिवस आहे. पेन फ्रिजमधून काढून सकाळीच सरसाच्या पाण्यात ठेवलंय. नर्स म्हणाली होती, गार टोचू नका, कोमट होऊ द्या. तर सरस तापतो त्याच्याबरोबर तेही तापतं, आणि जेवायच्या आधी टोचतो. बोट बुडवून बघतो आधी, एक-दोन-तीन. आमच्या बाइंडरची सगळी कामं पद्धतशीर.

आता मुख्य. अठ्ठावीस तारखेला डॉक्टरीणबाई बघणार, फरक नसेल तर हे बंद करणार. दुसरी आहेत, रोज घ्यायच्या नव्या गोळ्याही आहेत म्हणाल्या. पण हा ऐकत नाही. म्हणतो, चार महिने सगळ्यात भारी औषध घेऊन जर हात येत नाहीत, तर येणारच नाहीत. कापायचं मशीन विकायला काढलंय. महिनाअखेर दुकानही सोडणार. पुठ्ठेवाला जागा बघून गेला.

"हे शेवटचं नको लिहू."

लिहिलं.

काकू


८ मार्च

मामा,

आज गंमत नाही, खार नाही, काही नाही. काकूंनी हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवावं.

पेन पाण्यात ठेवू नकोस. सरसाच्या नाही, कुठल्याच गरम पाण्यात नाही. एकदाही नाही.

काकूंचं पत्र मी गाडीत बसून वाचलं, आणि "एक-दोन-तीन"पाशी आले तेव्हा मागच्या डब्यांकडे बघितलं. मामा, तुझं औषध मी रोज पोचवते. तुझं तेच नसेल, पण त्याच जातीचं. दोन महिने मी ते पेन हातात घेतेय आणि मला माहीतच नाही की तूही घेतोस.

मी तशीच गोदामाच्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा केसांतून काढून नाकावर लावला, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाल्या, "किती वेळ पाण्यात?" मी म्हटलं, सकाळपासून जेवायच्या वेळेपर्यंत. "पाणी किती गरम?" मी म्हटलं, बोट तीन मोजेपर्यंत राहतं, पण बोट त्याचं आहे. त्याची बोटं चाळीस वर्षं सरसात आहेत, त्याला चटका कळत नाही. मग मी सुताराकडे पळाले, त्याच्या भांड्यात बाईंचा थर्मामीटर घातला. साठ. औषधाला फ्रिजबाहेर चालतं ते खोलीएवढं तापमान. नर्सच्या "कोमट होऊ द्या"चा अर्थ एवढाच, की टेबलावर अर्धा तास नुसतं ठेव. काही करायचं नाही. तुला काही न करणं जमत नाही हे त्यांना काय माहीत?

आता तुझ्याच भाषेत. तू मला पहिल्या आठवड्यात काय शिकवलंस? सरस उकळू द्यायचा नाही. उकळला की मेला. दिसतो तसाच, वासही तोच, पण पकड गेली. मी एकदा उकळलेल्या सरसाने वही बांधली होती आणि ती चार दिवसांत पानपान झाली. तू ती खिळ्याला लटकवून ठेवलीस. आठवतं? हे औषधही सरसासारखंच आहे, तेही प्रथिन आहे, बाई म्हणाल्या. फक्त सरस साठ अंश सोसतो, हे सोसत नाही. तू चार महिने मेलेला सरस टोचून घेतलायस, मामा.

म्हणजे औषध हरलं की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

परवापासून तीनदा फोन केला. वाजू देऊ नकोस. मनगट दुखत असेल तर कोपराने पाड तो रिसीव्हर. डॉक्टरीणबाईंकडे अठ्ठावीसची वाट न बघता जा, आणि सगळं सांग. लाजू नकोस. दुकान सोडू नकोस. पुठ्ठेवाल्याला सांग, भिंगरीने नाही म्हटलंय.

भिंगरी


२१ मार्च

भिंगरी,

हे मी लिहितो आहे. चार दिवस लागले, रोज सहा-सात ओळी. अक्षराकडे बघू नको.

तुझं पत्र काकूने वाचलं तेव्हा पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला सांगू. चाळीस वर्षांत माझ्या शेगडीवर काही बिघडलं नाही आणि सातवी सोडलेली पोर मला तापमान शिकवते. मग ती खिळ्याची वही आठवली. अजून आहे तिथेच. उठून हात लावला, तर एक पान गळून पडलं.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सांगताना कान तापले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी "फ्रिजमध्ये ठेवता ना?" म्हणून दर वेळी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पुढे काय करतो ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. म्हणाल्या, खात्रीने काही सांगता येणार नाही, हे लागू पडेल किंवा नाहीही. पण न घेतलेल्या औषधाला नापास कसं करायचं? आजचं इंजेक्शन पहिलं धरू. तीन महिने बघू. मग नर्सने पेन कसं वापरायचं ते पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. टेबलावर अर्धा तास. मांडीला लावून दाबायचं, दाबून धरून दहा मोजायचे. मी तिला म्हटलं, आमच्याकडे तीन मोजतात. ती म्हणाली, "इथे दहा."

मशीन मात्र गेलं. तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी. जिन्यातून उतरवताना त्या लोकांनी भिंतीचा पोपडा काढला. दुकान ठेवलंय. पुठ्ठेवाला नाराज आहे.

तू विचारलंस म्हणून नाही, पण सांगायला हवं. लपवलं का ते. माझे वस्ताद होते ना, ज्यांच्याकडे मी काम शिकलो. त्यांना हेच होतं. तेव्हा असली पेनं नव्हती. त्यांना सोन्याची इंजेक्शनं देत. खरंच सोनं, त्याचं औषध करून. शनिवारी ते टोचून यायचे आणि सोमवारी पुस्तकाच्या पाठीवर सोन्याचा वर्ख लावायला बसायचे. म्हणायचे, "जे माझ्या अंगात जातंय त्यापेक्षा पुस्तकावरचं जास्त टिकेल." तसंच झालं. बोटं एका बाजूला वळत गेली, वाऱ्याने गवत वळतं तशी. शेवटी मी शिवायचो आणि ते खुर्चीत बसून टाके मोजायचे, मोठ्याने, म्हणजे आपण काम करतोय असं वाटावं. माझी मूठ पहिल्यांदा मिटली नाही त्या सकाळी मला तो आवाज ऐकू आला. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होऊन बसतं असं वाटलं.

आता दुसरं. हे काकूकडून लिहून घेता आलं नसतं.

नकाशांच्या पुस्तकाचं माप मी लावलं होतं. तू दांडा ओढलास, पण माप मी लावलं होतं. मशीनचं मापाचं चक्र फिरवताना बोटं सुटली आणि मागची मापाची फळी पुढे सरकली. मला जाणवलं. मी परत बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर बोटं सुटतात हे कबूल करावं लागलं असतं. मग तू ओढलास, आणि मी तुला विचारलं, माप बघायला नको? तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, चुकलं.

दोन वर्षं तू चुकलं म्हणते आहेस.

चुकलेलं नव्हतं.

मामा


१४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र घेऊन मी एका पुलावर बसले होते. खाली पाणी, वर पाय लोंबकळत. एक बाई आली आणि विचारलं, काही त्रास आहे का? मी म्हटलं, नाही, मामाचं पत्र आहे. तिला ते पुरेसं वाटलं असावं, गेली.

रागावू की नको ते कळेना. मग थोडा वेळ रागावून बघितलं. दोन वर्षं मी प्रत्येक कामात आधी माप बघतेय, तीन-तीनदा, आणि तरी सगळीकडून निघतेय. मला वाटायचं, माझा हात लागला की कड कापली जाते. म्हणून काही बिघडायच्या आत निघायचं. होड्यांचं तसंच, त्याआधी एका बेकरीचंही. ते तुला लिहिलं नव्हतं. बेकरीत मी दोन महिने बरी होते, मामा. उगाच सोडली.

एवढं रागावून झाल्यावर तुझे वस्ताद डोळ्यांपुढे आले, खुर्चीत बसून टाके मोजणारे. आणि तू, चक्रावरची बोटं सुटलेली, मागे मी दांडा धरून उभी. तू तेव्हा किती घाबरला असशील. मी कधी विचारच केला नव्हता की तू घाबरू शकतोस. मला वाटायचं, तुझी बोटं लाकडाची आहेत.

सोबत कपटा पाठवतेय. बेटाचा. आता तो माझ्या पाकिटात कशाला? तुझा आहे. किंवा वाचनालयाचा. दोन घड्यांचे वळ पडलेत आणि एका कोपऱ्याला चहा लागलाय, त्याला मी जबाबदार.

गोदामाच्या बाई विचारत होत्या, मामांनी पेन टेबलावर ठेवलं का? मी म्हटलं, ठेवलं असेल, पण समोर बसून त्याला बोटाने ढोसत असेल. त्या म्हणाल्या, त्या अर्ध्या तासात त्यांना काहीतरी काम दे. तर हे तुझं काम. मला पत्र लिहायचं. दर पंधरवड्याला, पेन टेबलावर काढलं की कागदही काढायचा. एक ओळ झाली तरी चालेल. दाबून लिहिलंस तर मी समजेन.

मी इथेच आहे. बाईंनी मला तापमानाच्या नोंदी ठेवायचं काम दिलंय. बेकरीपेक्षा गार आहे.

भिंगरी


१७ जुलै

भिंगरी,

दहा वाजून पाच मिनिटं. पेन टेबलावर आहे, घड्याळ समोर, काकू दारात. साडेदहाच्या पुढे पाच मिनिटांपर्यंत कागद माझा.

मागची सगळी पत्रं चार-चार ओळींची होती, कंटाळली असशील. पहिले दोन महिने लिहिण्यासारखं नव्हतं. नेमाने अर्धा तास बसायचो आणि काहीच व्हायचं नाही. मेच्या शेवटी एके सकाळी दात घासून झाले आणि मग लक्षात आलं की नळ मी बंद केला. रोज काकूचा पुतण्या करतो किंवा मी मनगटाने ढकलतो. त्या दिवशी बोटांनी केला. काकूला सांगितलं तर म्हणाली, "नळ बंद केला म्हणून माणसाने इतकं हसावं?"

डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, रक्तातली सूज निम्म्याहून खाली आहे. औषध लागू पडलंय. रविवारच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. मधे घसा धरला होता तेव्हा फोन करून विचारलं, एक इंजेक्शन पुढे ढकललं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकलीत ती वाकलेलीच राहणार. ते आधीच झालेलं नुकसान, औषध ते परत आणत नाही. मी म्हटलं, आठ आहेत की. त्या म्हणाल्या, असंच मोजत चला.

सकाळी अजून ताठरपणा असतो, पण दोन तास नाही. रेडिओवर बातम्या संपेपर्यंत.

शिवायला बसतो आता. दिवसाला दोन फर्मे, पूर्वी वीस व्हायचे. दोरा ओढताना वस्तादांचा आवाज येतो, पण आता मोजणाऱ्याच्या खुर्चीत मी नाही, तो माझेच टाके मोजतो. त्यामुळे बरं वाटतं. मशीन नाही म्हणून कडा कापत नाही, पानं जशी आहेत तशी, वरखाली. वाचनालयातल्या नव्या मुलीला ते आवडलं. म्हणाली, हल्ली अशी मुद्दाम करतात. मी मान डोलावली.

तिच्याकडूनच ते नकाशांचं पुस्तक मागून आणलं. दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. तुझा कपटा आला तेव्हापासून खणात जपून ठेवला होता, हात कधी येतात त्याची वाट बघत होतो. काल सकाळी शेगडी पेटवली. सरस पातळ केला. बोट बुडवलं, आणि भिंगरी, दोनला काढलं. हात गरम पाण्यात बुडवून ठेवायची सवय गेली म्हणून असेल, कातडी मऊ झाली असेल. चटका बसला. काकूला वाटलं, भाजलं. मी म्हटलं, नाही, चटका कळला.

मग पातळ कागदाची पट्टी मागून लावून बेट जोडलं. अर्धं या बाजूला, अर्धं त्या. किनाऱ्याची रेघ केसभर वरखाली आहे आणि तुझा चहाचा डाग समुद्रात आहे. जोड दिसतो. लपवायचा प्रयत्न केला नाही. पुस्तक रात्रभर दाबाखाली ठेवलं होतं, आज सकाळी उघडलं तर धरलंय. बाकीचे सव्वाशे नकाशे तसेच अपुरे आहेत. एक पुरा आहे. वाचनालयात परत देण्याआधी तू येऊन बघशील तर थांबतो. मुलगी म्हणाली, तिला घाई नाही.

खिळ्यावरची वही काढून ठेवली आहे. पुन्हा शिवून देईन. ती तू बांध, मी नुसता बघेन.

काकू घड्याळ दाखवतेय. झाला अर्धा तास. दाबून धरून दहा मोजायचे आहेत. कागद इथेच उघडा ठेवतो, आलोच.

आलो. आठलाच हात उचलत होतो. काकू म्हणाली, "अजून दोन." मग मोजले.

मामा